ड्रिल मशीनचं बटण गेलंय? ट्रिगर स्विच बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं छोटं रिपेअरिंगचं काम आहे, घरातली आणि सुतार-प्लंबर लोकांची ड्रिल मशीनं येतात. त्यात "बटण गेलंय, बदलून द्या" असं सांगून येणारी सगळ्यात जास्त. बटण बदलणं अवघड अजिबात नाही, घरी तासाभरात होतं, पण दोन ठिकाणी लोक चुकतात. एक म्हणजे बटण चांगलं असताना नवीन आणतात. दुसरं म्हणजे, आणि हे मला जास्त लागतं, बटण खरंच गेलेलं असतं आणि तरी तसंच मशीन वापरत राहतात. जे प्रश्न परत परत येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितोय. मुख्यतः आपल्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या वायरवाल्या ड्रिलबद्दल, बॅटरीवाल्याचं शेवटी वेगळं लिहिलंय.

बटण दाबलं की कधी चालतं, कधी नाही. स्विचच गेला ना?

असेलही, पण आधी वायर बघा. मशीनच्या मुठीतून वायर बाहेर येते तिथे रबराची एक शेपटी असते, तिच्या तोंडाशी वायर रोज वाकून वाकून आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं आवरण मात्र एकदम ठणठणीत दिसतं. ट्रिगर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने ती वायर शेपटीपाशी हळू इकडे तिकडे हलवा (चकमध्ये, म्हणजे पुढच्या बिट पकडणाऱ्या जबड्यात, बिट नको, मशीन टेबलावर नीट धरलेलं हवं). हलवल्यावर मशीन अडखळत चालू-बंद झालं तर स्विचचा काही दोष नाही, वायर तिथून कापून थोडी आखूड करून परत जोडली की काम झालं. प्लगपाशीही हेच करून बघा.

मग कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला घासून वीज देणारे दोन काळे तुकडे. ते संपत आले की मशीन बंद पडतं, मागच्या बाजूला एक टपली मारली की परत चालतं, आणि मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात. कार्बन पाच-सहा मिलिमीटरच उरला असेल तर दोन्ही बदला, एक एक कधीच नाही.

वायर आणि कार्बन दोन्ही ठीक असतील, आणि ट्रिगर विशिष्ट कोनात किंवा जास्त जोराने दाबल्यावरच मशीन चालत असेल, तर मग स्विच.

स्विच गेल्याची अजून लक्षणं काय?

ट्रिगर थोडासा दाबला तरी मशीन एकदम फुल स्पीडने सुटतं, हळू चालतच नाही. ट्रिगर सोडल्यावर बाहेर यायला वेळ लावतो किंवा अडकतो. मुठीतून जळका वास येतो, बोटाला ट्रिगरच्या मागे गरम लागतं. मशीन फक्त उलटं चालतं, सुलटं नाही. लॉकचं बटण दाबलं की अडकतं आणि सुटत नाही. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे ट्रिगर सोडला तरी मशीन थांबतच नाही.

एक गोष्ट मात्र बिघाड नाही. ट्रिगर अगदी हलका दाबल्यावर मशीन नुसतं गुणगुणतं आणि फिरत नाही, हे बऱ्याच चांगल्या मशीनमध्येही होतं, मोटरला फिरायला पुरेल एवढा करंट मिळालेला नसतो. तसं धरून ठेवू नका एवढंच, मोटर फिरत नसताना तिचा पंखाही फिरत नाही आणि ती तापते.

या स्विचच्या आत असतं तरी काय? साधं ऑन-ऑफ तर आहे.

साधं ऑन-ऑफ असतं तर स्पीड कमी-जास्त झाला नसता. आत दोन कामं चालतात. पहिलं, तांब्याच्या पट्ट्यांवर बसवलेले कॉन्टॅक्ट, जे खरंच जोडतात आणि तोडतात. दुसरं, एक बारीक सर्किट आणि त्यावर ट्रायॅक नावाचा पार्ट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिची प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदाची. ट्रायॅक त्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा थोडाच भाग मोटरकडे सोडतो, ट्रिगर जितका आत जाईल तितका जास्त. पंख्याच्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये पण हेच असतं, तेच इथे बोटाखाली दिलंय.

हे कळलं की लक्षणं आपोआप लागतात. ट्रायॅक खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होतो, म्हणजे अडवायचं बंद करतो, म्हणून मशीन फक्त फुल स्पीडने चालतं. पण कॉन्टॅक्ट चांगले असतात म्हणून ट्रिगर सोडल्यावर बंद होतं. आणि कॉन्टॅक्टच ठिणगीने एकमेकांना चिकटले, म्हणजे अक्षरशः वेल्डिंग झालं, तर मग मशीन थांबत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका सुताराच्या मशीनमधला जुना स्विच मी उघडून बघितला. वाटाण्याच्या डाळीएवढे दोन कॉन्टॅक्ट, एक काजळीने काळा आणि मधोमध खड्डा पडलेला, दुसऱ्यावर त्याच खड्ड्यातलं तांबं वितळून थेंबासारखं चढलेलं. बाजूच्या प्लॅस्टिकला तपकिरी फोड आले होते आणि स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये लाकडाचा भुसा आणि पीओपीची पांढरी पूड घट्ट बसलेली. त्या स्प्रिंगला ट्रिगर मागे ढकलायला जागाच उरली नव्हती.

ट्रिगर सोडल्यावर मशीन थांबत नाही, पण प्लग काढून बंद करता येतं. दोन दिवस काम आहे, चालवू का?

नको. खरंच नको. बिट भिंतीत सळईला अडकतं तेव्हा मशीन हातात गर्रकन फिरतं, तुमचं मनगट मुरगळायला अर्धा सेकंद पुरतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही एकच गोष्ट करू शकता, बोट सैल सोडणं. तेवढ्यावरच सगळं वाचतं. प्लग असतो पाच फुटांवर बोर्डमध्ये, तुम्ही शिडीवर. तिथपर्यंत पोचणार कसं?

एक मिस्त्री म्हणाला स्विच काढून डायरेक्ट जोडून देतो, चालेल का?

हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता राग येतो. दोन वायरी एकत्र पिळून टेप गुंडाळलेली, ट्रिगर नुसता शोभेला, आणि मशीन चालू-बंद करायचं ते बोर्डवरच्या बटणाने. माझ्याच ओळखीच्या एका मुलाच्या बाबतीत झालेलं सांगतो. असं डायरेक्ट केलेलं मशीन त्याने मांडीवर ठेवून बिट बदलायला घेतलं, चकची चावी चकमध्ये होती आणि कोणीतरी बोर्डचं बटण चालू केलं. चावी फिरून हातावर बसली, दोन बोटांना टाके पडले. त्याला वाटलं मशीन बंद आहे, कारण ट्रिगर कोणी दाबलाच नव्हता. पुढे कित्येक दिवस त्याला डाव्या हाताने जेवावं लागलं.

स्विचला फार तर काही शे रुपये लागतात. तो मिळेपर्यंत मशीन भाड्याने आणा, शेजाऱ्याचं मागा, पण डायरेक्ट करून घेऊ नका आणि कोणी करून देत असेल तर त्यालाही सांगा.

मल्टिमीटरने स्विच कसा चेक करायचा? माझा तर पीप करतच नाही.

इथेच चांगले स्विच फेकले जातात. बहुतेक स्विचमध्ये दोन्ही वायरी, फेज आणि न्यूट्रल, तोडल्या जातात. त्यातली एक जोडी साधी कॉन्टॅक्टची असते, ती ट्रिगर दाबल्यावर मल्टिमीटरवर (जोडणी तपासायच्या, म्हणजे कंटिन्युइटीच्या सेटिंगवर) पीप करायलाच हवी आणि सोडल्यावर बंद व्हायलाच हवी. दुसरी जोडी ट्रायॅकमधून जाते, आणि ट्रायॅक मल्टिमीटरच्या छोट्याशा व्होल्टेजवर चालू होत नाही, त्यामुळे तिथे पीप नाही झाला म्हणजे स्विच मेला असं नाही. काही स्विचमध्ये ट्रिगर पूर्ण आत गेल्यावर ट्रायॅकला वळसा घालणारा कॉन्टॅक्ट लागतो आणि मग पीप होतो, काहींत तो नसतोच.

उलट, ट्रायॅकच्या जोडीवर ट्रिगर जरासा दाबला की लगेच कडक पीप येत असेल, तर ट्रायॅक शॉर्ट झालाय असा संशय घ्या.

खरी खात्री सिरीज बल्बने होते. जुना तारेचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब, एलईडी नाही, स्विचमधून जोडायचा आणि ट्रिगर हळूहळू दाबायचा. बल्ब मंद ते प्रखर असा चढत गेला तर स्विच उत्तम आहे, तुमचा बिघाड दुसरीकडे आहे. हे उघड्या वायरींचं २३० व्होल्टचं काम आहे, त्यामुळे ज्याला सिरीज बोर्ड वापरायची सवय आहे त्यानेच करावं, बाकीच्यांनी वायरमनकडून दोन मिनिटांत करून घ्यावं.

जाता जाता मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरी स्विचमधून सुट्या करून त्यांच्यात ओहम मोजा. थोडेसे ओहम यायला हवेत, दहा-वीसच्या आसपास, मशीनप्रमाणे कमी-जास्त. काहीच आलं नाही तर कार्बन, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) किंवा फील्ड कॉइल (त्याभोवतीची न फिरणारी गुंडाळी) यापैकी काहीतरी तुटलंय आणि नवा स्विच टाकून मशीन चालणार नाही.

नवीन स्विच कसा मागायचा? दुकानदार म्हणतो "नमुना आणा".

दुकानदार बरोबर म्हणतो. जुना स्विच काढून हातात घेऊन जा. नाहीतर कमीत कमी मशीनच्या प्लेटचा फोटो आणि स्विचच्या चारही बाजूंचे फोटो. बॉशसारख्या कंपनीच्या प्लेटवर मॉडेलच्या नावाखाली दहा आकडी नंबर असतो, तो महत्त्वाचा. नुसतं "जीएसबी ५०० आरई" सांगून पुष्कळदा भागतं कारण ते मशीन घरोघरी आहे, पण एकाच नावाच्या मशीनमध्ये वेगवेगळ्या काळात वेगळा स्विच येऊ शकतो आणि दहा आकडी नंबरने ते कळतं.

स्विचवरचं बारीक लिखाण वाचायला मोबाईलचा कॅमेरा झूम करा. २५० व्होल्ट आणि ६ अँपिअर असं काहीतरी असेल. ६०० वॉटचं मशीन चालताना साधारण अडीच ते पावणेतीन अँपिअर घेतं, पण सुरू होताना आणि अडकल्यावर त्याच्या कितीतरी पट, म्हणून जुन्यापेक्षा कमी अँपिअरचा घेऊ नका, तेवढाच किंवा जास्त. "५ई४" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ५०,००० वेळा चालू-बंद करण्याच्या टेस्टसाठीचा स्विच. टी नंतरचा आकडा म्हणजे किती तापमानापर्यंत चालेल ते.

पण आकड्यांपेक्षा आधी आकार. स्विचची बॉडी मुठीतल्या खाचेत बसली पाहिजे, लॉकचं बटण त्याच बाजूला त्याच उंचीवर हवं, फॉरवर्ड-रिव्हर्सची दांडी असेल तर तिची जागा तीच हवी. एक-दोन मिलिमीटरचा फरक असला तरी बॉडी बंद होत नाही आणि लोक मग आतलं प्लॅस्टिक कापत बसतात. कापू नका, ती रीब, म्हणजे आतली उभी प्लॅस्टिकची पट्टी, वायर आणि स्विच धरून ठेवायला असते.

मिळतो कुठे? ओरिजिनल घ्यावा की लोकल?

मुंबईत हत्यारांच्या सामानासाठी नागदेवी स्ट्रीट आणि इलेक्ट्रिकलसाठी लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली आणि आसपास. बाकी गावांमध्ये मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याला विचारा, त्याच्याकडे नसला तरी तो आणून देतो, आणि त्याला कुठला स्विच कशाला बसतो हे तोंडपाठ असतं. ऑनलाईनही ढीगभर मिळतात पण तिथे फोटोवर विश्वास न ठेवता मापं जुळवा.

मी शेवटचे घेतले तेव्हा लोकल शे-दोनशेला आणि कंपनीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याला चांगला लोकल स्विच पुरतो. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याने कंपनीचाच घ्यावा, कारण फरक पहिल्या दिवशी दिसत नाही, सहा महिन्यांनी ट्रिगर डगडगायला लागल्यावर दिसतो. दुकानात घेताना ट्रिगर वीस-पंचवीस वेळा दाबून बघा. दर वेळी एकसारखा परत यायला हवा, बाजूला झुकायला नको, आणि हलका दाबल्यावर "टिक" एकाच ठिकाणी लागायला हवं.

काय काय हत्यारं लागतील?

स्क्रू बहुतेक चांदणीच्या आकाराचे असतात, टॉर्क्स म्हणतात, टी-१५ किंवा टी-२० चा लागतो. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने जबरदस्ती करून डोकं घालवू नका, नंतर काढता येत नाही. त्याशिवाय बारीक टेस्टर, वायर सोलायचं साधन, ब्रश आणि चांगला उजेड. मोबाईल फोटोसाठी.

उघडताना काय सांभाळायचं?

प्लग काढा आणि तो डोळ्यासमोर ठेवा, बोर्डचं बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढल्यावर ट्रिगर एक-दोनदा दाबून सोडा आणि मिनिटभर थांबा, आत कपॅसिटर असतो.

बाजूचं हँडल आणि खोलीची पट्टी काढा, काही मशीनमध्ये एखादा स्क्रू त्या कॉलरखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो. सगळे स्क्रू काढूनही बॉडी उघडत नसेल तर असा एक स्क्रू राहिलाय समजा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. मी पुठ्ठ्यावर मशीनची आकृती काढतो आणि ज्या भोकातला स्क्रू त्या जागी टोचून ठेवतो.

मशीन आडवं ठेवून, स्क्रूची बाजू वर, अर्धी बॉडी सरळ वर उचला. घाई केली की फॉरवर्ड-रिव्हर्सची दांडी, हॅमरची पट्टी आणि कधी एखादी छोटी स्प्रिंग उडते. उघडल्या उघडल्या, कशालाही हात न लावता, फोटो काढा. एक पूर्ण मशीनचा, तीन-चार स्विचचे जवळून, वायर कुठल्या खाचेतून गेलीय ते दिसेल असे. मोटर आणि गिअर जागचे हलवू नका. गिअरचं ग्रीस स्वच्छ असेल तर तसंच राहू द्या, फक्त सिमेंटची पूड ब्रशने झाडा.

वायरी ओढल्या तरी निघत नाहीत!

ओढू नका, तुटतील. दोन प्रकार असतात. स्क्रूचं टर्मिनल असेल तर सोपं. दुसरा प्रकार दाबून बसवायचा, वायर आत ढकलली की आतली पट्टी तिला दातासारखी पकडते. तिच्या शेजारी बारीक चौकोनी किंवा गोल भोक दिसेल, त्यात शिलाई मशीनची सुई किंवा सायकलच्या स्पोकचा घासून बारीक केलेला तुकडा घाला, पट्टी मागे सरकते आणि वायर हलकेच बाहेर येते. जुना स्विच टाकायचाच आहे म्हणून कोणी कोणी वायर कापतात, पण मुठीत आधीच वायर मोजकी असते, कापली की आखूड पडते.

माझी पद्धत अशी की जुना आणि नवा स्विच शेजारी शेजारी त्याच दिशेने ठेवायचे, आणि एक वायर काढली की तीच लगेच नव्यात त्याच जागी घालायची. सगळ्या एकदम काढायच्याच नाहीत. रंगांवर विसंबू नका, आत एकाच रंगाच्या तीन वायरी असू शकतात.

वायरीचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवं सोला, सात-आठ मिलिमीटर. दाबून बसणाऱ्या टर्मिनलसाठी टोकाला थोडा कथिल लावला तर चालतो. स्क्रूच्या टर्मिनलला मात्र कथिल लावू नका, तो दाबाखाली हळूहळू बसत जातो, स्क्रू सैल होतो आणि मग तिथेच जळतं. तिथे छोटी थिंबल (वायरीच्या टोकावर चढवायची धातूची टोपी) लावून पक्कडीने दाबा. शेवटी प्रत्येक वायर हलकी ओढून बघा.

वायरवाल्या मशीनला अर्थिंगची वायर दिसत नाही, तुटली का?

नाही. प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनचं मशीन आहे, त्याला दोनच वायरी असतात. म्हणूनच आतली प्लॅस्टिकची बॉडी तडकलेली असेल तर फेविक्विकने चिकटवून वापरू नका.

जुन्या स्विचला बाजूला एक चौकोनी डबी जोडलेली होती, नव्याला नाही.

तो कपॅसिटर. मोटरच्या ठिणग्यांनी रेडिओ-टीव्हीत खरखर येते ती तो कमी करतो. त्याचे दोन पाय बहुतेक वेळा मुख्य वायर येते त्याच दोन टर्मिनलमध्ये असतात. फुगलेला किंवा तडकलेला नसेल तर तसाच परत लावा. खराब असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, एक्स-२ लिहिलेलाच घ्या, पंख्याचा कपॅसिटर लावू नका.

स्विच बदलला, आता मशीन उलटं फिरतंय.

कार्बनकडे जाणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल झाली. या मोटरमध्ये फील्ड तीच ठेवून आर्मेचरच्या वायरी उलट्या केल्या की दिशा बदलते, रिव्हर्सचं बटणही आत हेच करतं. त्या दोन अदलून बघा. काही मशीनमध्ये मात्र दिशा स्विचने नाही तर कार्बनची पूर्ण प्लेटच थोडी फिरवून बदलतात. तिथे दांडी प्लेटच्या खाचेत नीट बसलीय का ते बघा. फिरताना कार्बनला मोठा जाळ दिसला तर लगेच बंद करा.

बॉडी बंद करताना नीट बसत नाही.

कुठेतरी वायर रीबवर आलीय. दाबून स्क्रू आवळले तर वायर चिरडते आणि आज नाही तर महिन्याभराने शॉर्ट होते. फोटो काढलेत ना, तो बघून प्रत्येक वायर आपल्या खाचेत घाला. मुख्य वायरीची क्लिप विसरू नका, ती नसली तर वायरीला ओढ बसल्यावर सगळा ताण थेट स्विचवर येतो. बंद करण्याआधी ट्रिगर दहा वेळा दाबा, फॉरवर्ड-रिव्हर्स फिरवा, लॉक लावून सोडवा. सगळं मोकळं चालतंय? मग स्क्रू. प्लॅस्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात "टक" करून पडला की मग आवळायचा, नाहीतर नवीन आटे पडून भोक मोठं होतं.

चालू करण्याआधी काय तपासू?

प्लगच्या दोन्ही पिना आणि चकचं लोखंड यांच्यात मल्टिमीटरने बघा, ट्रिगर दाबून आणि सोडून, पीप अजिबात यायला नको. मग जमलं तर पहिल्यांदा सिरीज बल्बवर लावा, म्हणजे वीज बल्बमधून मशीनकडे जाईल अशी. ट्रिगर सोडलेला असताना बल्ब पेटायला नको, दाबल्यावर पेटेल आणि मशीन हळू फिरेल किंवा नुसतं गुणगुणेल. ट्रिगर न दाबताच पेटला तर वायरिंग चुकलंय. पुढे सरळ बोर्डवर, बिट न लावता, मशीन हातात धरून, लॉक सुटलेलं आहे हे बघून. ज्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) आहे तिथेच पहिली टेस्ट करा.

जुनाच स्विच साफ करून चालत नाही का? डब्ल्यूडी-४० मारू?

स्प्रे मारू नका. तेलकट थर राहिला की त्यावर सिमेंट आणि कार्बनची पूड बसून लगदा होतो. ट्रिगर फक्त धुळीने अडखळत असेल तर ब्लोअरने किंवा सुक्या ब्रशने झाडून फरक पडतो, तेवढं जरूर करा. पण कॉन्टॅक्ट जळलेले असतील तर पॉलिश पेपरने घासून फार तर काही आठवडे जातात, वरचा चांगला थर एकदा गेला की आतलं तांबं लवकर जळतं. नडीला, एखाद्या आडगावी, स्विच मिळेपर्यंत ठीक.

एवढ्या लवकर स्विच का जातो?

मला दिसलेली कारणं सांगतो. रंग किंवा टाइलचं केमिकल ढवळायला ड्रिल वापरणं, तासंतास हळू स्पीडवर आणि लोड मात्र भरपूर, ट्रायॅक तापून जातो. मशीन फिरत असतानाच रिव्हर्स मारणं, कॉन्टॅक्टला मोठी ठिणगी पडते, पूर्ण थांबू द्या. डोक्यावर धरून स्लॅबला भोक पाडणं, सगळी पूड हात आणि ट्रिगरवरून आत. बारीक वायरीचं लांबलचक एक्स्टेन्शन, व्होल्टेज पडतं आणि मशीन जास्त वेळा अडकतं. कोकणात दमट खारी हवा, पावसाळाभर पेटीत पडलेलं मशीन गणपतीच्या मखराच्या वेळी काढलं की ट्रिगर चिकटलेला असतो, आधी नुसतं दाबून-सोडून मोकळा करा, मगच प्लग लावा. आणि काम झाल्यावर मशीन वायरीला धरून उचलायची सवय, ती स्विचच्या टर्मिनलवरच येते.

बॅटरीच्या ड्रिलचं पण असंच का?

उघडणं तसंच, स्विच वेगळा. तिथे ट्रायॅकऐवजी मॉस्फेट असतो, बहुतेक एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला. तो शॉर्ट झाला की हेही फक्त फुल स्पीडवर चालतं. ट्रिगर सोडल्यावर हे मशीन झटकन थांबतं कारण स्विच मोटरच्या दोन वायरी एकमेकींना जोडतो आणि मोटरच ब्रेक होते. चांगल्या बॅटरीवर नेहमीसारखं झटकन न थांबता घरंगळत थांबत असेल तर स्विचची वेळ झालीय.

उघडण्याआधी बॅटरी काढा, हे सगळ्यात आधी. १२ किंवा १८ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात, पण लिथियमच्या सेलमधून शॉर्टवर एवढा करंट निघतो की वायर लाल होते, आणि मध्ये घरासारखी एमसीबी नसते. मोटरला वायरी डाग दिलेल्या असतात, त्याला ताकदीची सोल्डरिंग गन लागते. ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेलं मशीन असेल तर स्विच आणि सर्किट एकत्र रेझिनमध्ये बंद केलेलं येऊ शकतं, ते पूर्ण युनिटच बदलावं लागतं, किंमत विचारून मगच उघडा.

भावाने अमेरिकेतून ड्रिल आणलंय, लावल्या लावल्या गेलं. स्विच बदलू?

तिकडचं मशीन १२० व्होल्टचं. २३० वर लावल्यावर नुसता स्विच नाही, आर्मेचरही जळलेलं असू शकतं. आधी आर्मेचर बघा. ते वाचलं असेल तरी हे मशीन योग्य वॉटचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावूनच चालवायचं.

वॉरंटी असेल तर?

उघडू नका, बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला द्या. उघडलेल्या स्क्रूंवरून त्यांना कळतं.

दुकानात द्यायचं तर काय सांगू, म्हणजे फसवणूक होणार नाही?

जुना पार्ट परत मागा, आणि देतानाच सांगा की परत हवाय. हातात आल्यावर तो कुठे जळलाय ते दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो. मी स्वतः बदललेल्या प्रत्येक मशीनच्या मुठीत, आतल्या बाजूला, मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवतो. परत कधी उघडलं की तो स्विच किती चालला ते तिथेच वाचता येतं, आणि पुढच्या वेळी कुठला घ्यायचा हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.